निर्णयाखाली नाव कोणाचं?

भोसरी एमआयडीसीत मी परचेसमध्ये लागले, तेव्हा कोल्हापूरच्या फाउंड्रीला शेड्यूल फॅक्सने जायचं. फॅक्स मिळाला का हे विचारायला एसटीडी लावायची. "आला, पण खालच्या दोन ओळी काळ्या आल्यात," असं उत्तर आलं की त्या ओळी फोनवर वाचून दाखवायच्या. आज तेच शेड्यूल पोर्टलवर आपोआप चढतं, आणि कोल्हापूरच्या शिरोलीहून गाडी हलली की ई-वे बिलाचा नंबर माझ्या फोनवर येतो. मधल्या काळात ईमेल आला, ईआरपी आलं, व्हॉट्सॲप आलं. २०२० च्या टाळेबंदीने व्हिडिओ मीटिंग अंगवळणी पाडली, आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झाल्यापासून ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावर एआय आलं आहे.

या प्रत्येक साधनाने माझं काम हलकं केलं. पण एक काळजी मात्र वाढत गेली. निरोप जितका भराभर फिरतो, तितका निर्णय नेमका कोणी घेतला हे कळेनासं होतं. ग्रुपवर ठरलं, सिस्टिमने नाकारलं, डॅशबोर्डवर लाल दिसलं म्हणून ऑर्डर दुसरीकडे गेली, अशी वाक्यं मी रोज ऐकते. त्यांत माणूस कुठेच नसतो. आमचे जॉब, म्हणजे आम्ही बनवलेले सुटे भाग, ब्रेकमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये बसतात. तिथे चूक झाली तर रस्त्यावरच्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून ही काळजी मला साधी वाटत नाही. तिच्यातून जे शिकले ते इथे मांडते.

१. ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगून झालं, असं नाही

आमच्या एका जॉब वर्कवाल्याच्या शॉपमध्ये मी न कळवता गेले होते. सीएनसीच्या दारावर चुंबकाने लावलेला ड्रॉइंगचा प्रिंट होता, रिव्हिजन सी. ग्राहकाने बोअरचा टॉलरन्स बदलून रिव्हिजन डी काढली होती, आणि तिचा फोटो ग्रुपवर कधीच पडला होता. टिका निळ्या झालेल्या. ऑपरेटरने फोन काढून दाखवला. ड्रॉइंगच्या खाली कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, डिस्पॅचच्या गाडीचा फोटो, कूलंटच्या ड्रमचा फोटो, पुन्हा शुभेच्छा. ड्रॉइंगचा फोटो ॲपने इतका दाबला होता की मोठा केल्यावर दशांशानंतरचा तिसरा आकडा ३ आहे की ८, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. "ताई, पाहिला होता. पण सुपरवायझर काही बोलले नाहीत, म्हणून चालू ठेवलं," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. शॉपमध्ये जुना कागद मशीनवरून काढून नवा लावला जाईपर्यंत बदल झालेला नसतो. ग्रुप ही आरोळी आहे. आरोळी ऐकू आली तरी ती आपल्यासाठी होती का, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं, आणि कामाच्या गर्दीत बहुतेक जण ती दुसऱ्यासाठी होती असं धरून चालतात. आता ड्रॉइंगचा बदल फक्त ईआरपीतून निघतो, एका नावावर निघतो. तो माणूस जुना प्रिंट परत आणून देतो आणि मगच नोंद बंद होते. ग्रुपवर आम्ही एवढंच लिहितो की बदल निघाला आहे आणि तो कोणाकडे आहे. ड्रॉइंगचा फोटो टाकणं पूर्ण बंद केलं. सुरुवातीला लोकांना हे जाचक वाटलं. रिव्हिजनच्या घोळातून होणारं रिजेक्शन बंद झाल्यावर कुरकुर थांबली.

२. अंगठ्यालाही सहीची किंमत असते

कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातला एक खटला मी परचेसमधल्या प्रत्येक नव्या मुलामुलीला सांगते. मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि मान्य असल्याचं कळवा म्हटलं. शेतकऱ्याने उत्तरात अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. पुढे जवसाचा भाव चढला आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, फोटो मिळाला एवढंच मला सांगायचं होतं. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा ही संमती धरली आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. डिसेंबर २०२४ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. याच दोघांमध्ये आधीचे करारही असेच फोनवरच्या एकदोन शब्दांनी मान्य झाले होते, ही गोष्ट त्यात निर्णायक ठरली.

आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून बाद ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असे संदेश, सोबत ठरलेलं प्रमाणपत्र जोडून, पुरावा म्हणून मांडता येतात. आमच्या धंद्यात भाववाढीची बोलणी आता चॅटवरच होतात. "स्टीलचे दर वाढलेत, किलोमागे एवढे वाढवून द्या" याला चालत्या गाडीतून दाखवलेला अंगठा पुढे लाखोंचा वाद होऊ शकतो. म्हणून आमच्याकडे पैशांच्या संदेशाला अंगठा बंद आहे. "वाचलं, उद्या कळवते," असं लिहायचं, आणि मान्य असेल तर त्याच दिवशी सुधारित परचेस ऑर्डर काढायची.

३. पडद्यावरच्या आकड्याचा माग काढत मशीनपर्यंत जायचं

रोज सकाळच्या मीटिंगला भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक लाइनचा ओईई येतो. मशीन किती वेळ चाललं, किती वेगाने चाललं आणि चांगले जॉब किती निघाले, या तिन्हींचा गुणाकार. पूर्वी हा आकडा महिनाअखेरीला कळायचा, तोवर नुकसान होऊन गेलेलं असायचं. आता तासाला दिसतो. हे मोठं वरदान आहे आणि ते मी कधीच सोडणार नाही.

एका लाइनवर पडदा सतत सांगत होता की सगळ्यात जास्त वेळ टूल चेंजमध्ये जातो. आलेख स्वच्छ होता, रंगीत होता, आणि महागडे इन्सर्ट घ्यावेत असं मीटिंगमध्ये जवळजवळ ठरलं होतं. मी सप्लायरला बोलावण्याआधी दुसऱ्या शिफ्टला त्या लाइनवर जाऊन उभी राहिले. मशीन थांबलं की ऑपरेटरने छोट्या पडद्यावरच्या यादीतून कारण निवडायचं असतं. यादीत पहिलं कारण 'टूल चेंज'. 'हवेचा दाब कमी' हे पार शेवटच्या पानावर. हाताला तेल, मागे जॉब साचलेले, सुपरवायझरची हाक आलेली. बोट पहिल्या कारणावरच पडणार. खरी भानगड अशी होती की संध्याकाळी शेजारच्या शेडमध्ये हवेवरचं ब्लास्टिंग सुरू झालं की कॉम्प्रेसरचा दाब उतरायचा, फिक्स्चर जॉब घट्ट धरायचं नाही आणि मशीन अलार्म देऊन थांबायचं. लाइनवरच्या सगळ्यांना हे माहीत होतं. पडद्याला माहीत नव्हतं, कारण पडद्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या लाइनसाठी हवेची वेगळी टाकी बसवली. इन्सर्टवर एक रुपयाही जास्त गेला नाही.

आमचं पैशांवर निभावलं. ब्रिटनमध्ये माणसं यात उद्ध्वस्त झाली. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सूची होरायझन नावाची हिशेबाची सिस्टिम बसवायला घेतली. गावोगावची छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात सिस्टिम तूट दाखवू लागली. हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना सांगितलं जायचं, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी घरदार विकून न झालेली तूट भरली, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सिस्टिममध्ये दोष होते असा निकाल दिला, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. दोष कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये असू शकतो. इतकी वर्षं इतक्या शिकलेल्या अधिकाऱ्यांनी माणसाच्या शब्दापेक्षा पडद्याचा शब्द खरा मानला, हे मला जास्त भयंकर वाटतं.

म्हणून सकाळच्या मीटिंगला एक शिस्त लावली आहे. ज्या आकड्यावरून पैसे खर्च होणार आहेत किंवा कोणाला जाब विचारला जाणार आहे, तो आकडा कुठल्या बटणातून किंवा सेन्सरमधून आला, हे मांडणाऱ्याने सांगायचं. सांगता आलं नाही तर त्या दिवशी त्यावर निर्णय नाही.

४. टिपण यंत्राने घ्यावं, गप्प बसणं माणसाने ऐकावं

व्हिडिओ मीटिंग संपता संपता एआयने लिहिलेलं टिपण ईमेलमध्ये येऊन पडतं. कोण काय बोललं, काय ठरलं, कोणाकडे काय काम. ज्यांनी वर्षानुवर्षं मीटिंगची टिपणं हाताने काढली आहेत, त्यांनाच याचं सुख कळेल.

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीसोबत अशी मीटिंग होती. कास्टिंग शुक्रवारी हवं होतं. मालकांना तारीख विचारली. ते थांबले, कॅमेऱ्याबाहेर कोणाकडे तरी पाहिलं, माइक बंद केला, पुन्हा सुरू केला आणि म्हणाले, "देतो की मॅडम शुक्रवारी." टिपणात आलं, पुरवठादाराने शुक्रवार निश्चित केला. मी त्यांना लगेच साधा फोन लावला. "साहेब, खरं सांगा, भट्टी कशी आहे?" मग कळलं की इंडक्शन भट्टीचं लायनिंग गेलं होतं, नवं भरून सुकवणं चालू होतं. शुक्रवारी अर्धाच माल निघणार होता. मीटिंगला आमच्या ग्राहकाचा माणूस बसला होता, त्याच्यासमोर ते हे बोलणार नव्हते. त्या फोनमुळे ग्राहकाला दोन टप्प्यांत माल घ्यायला आधीच राजी करता आलं. लाइन थांबली नाही आणि फाउंड्रीची पतही राहिली.

आता मीटिंगच्या शेवटी ठरलेल्या गोष्टी मोठ्याने वाचतो, आणि काम ज्याच्या नावावर आहे त्याने ते स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात आलं की टिपणाचा गोंधळ होतो. पावणेदोन, अडीच, साडेसात या आकड्यांत तर हमखास. ते मी प्रत्येक वेळी स्वतः तपासते.

५. इंग्रजीच्या उंबऱ्यावर अडलेली माणसं आत आली

या सगळ्या बदलातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. आमच्याकडची निम्मीअधिक डिप्लोमावाली मुलं जुन्नर, खेड, बीड, लातूरकडून आलेली, मराठी माध्यमातली. मशीन त्यांना आरपार कळतं. पण जर्मनीच्या ग्राहकाला ईमेल लिहायचा म्हटलं की हात थबकायचा, आणि मग ज्याला मशीन कमी कळतं पण इंग्रजी बरं येतं, तो त्यांच्या वतीने लिहायचा. श्रेयही त्यालाच मिळायचं. गुणवान मुलं या एका कारणाने मागे राहिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि त्याचं दुःख मला आजही आहे. आता क्वालिटीतली एक मुलगी आपला मुद्दा मराठीत बोलून सांगते, एआयकडून इंग्रजी करून घेते, तांत्रिक शब्द स्वतः पडताळते आणि आपल्या नावाने ईमेल पाठवते. ग्राहक आता थेट तिलाच विचारतो.

लिहिण्याचा ज्यांना मुळातच कंटाळा, त्यांनाही वाट सापडली. रात्रपाळीत एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ब्रेकडाउन स्लिप ते आयुष्यात कधी नीट भरत नसत. एका रात्री त्यांनी मेंटेनन्सच्या साहेबांना फक्त आवाज पाठवला. बोलणं एवढंच, "साहेब, हे ऐका," आणि पुढे स्पिंडलची घरघर. साहेबांनी ती घरी बसून दोनदा ऐकली आणि मशीन बंद करायला सांगितलं. बेअरिंग बदलण्यावर भागलं. स्पिंडल जाम झाला असता तर खर्च कित्येक पटींनी वाढला असता, शिवाय लाइन बसली असती ती वेगळीच. मामांना जे कानाने कळत होतं ते पूर्वी कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात बसत नव्हतं.

६. मसुदा एआयचा चालेल, शोध आपलाच हवा

ग्राहकाकडून तक्रार आली की आठ-डी रिपोर्ट द्यावा लागतो. दोष काय, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. एका इंजिनिअरने तो एआयकडून लिहून आणला. भाषा देखणी, मांडणी चोख. मूळ कारण, ऑपरेटरला पुरेसं प्रशिक्षण नाही. उपाय, पुन्हा प्रशिक्षण. मी विचारलं, "फिक्स्चर उघडून पाहिलंस का?" तो गेला, पाहिलं, आणि झिजलेली लोकेटिंग पिन हातात घेऊन आला. जगातल्या हजारो रिपोर्टांत प्रशिक्षणाचं कारण लिहिलेलं आहे, म्हणून एआय तेच पुढे करतं. आमच्या फिक्स्चरची पिन त्याने कधी पाहिलेली नाही. आणि विनाकारण बोल लागला असता तो ऑपरेटरला.

मोठ्यांचंही यात हसं होतं. २०२५ मध्ये डेलॉइट कंपनीला ऑस्ट्रेलिया सरकारसाठी केलेल्या अहवालाच्या मोबदल्यातला काही भाग परत करावा लागला, कारण एआय वापरून केलेल्या त्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले. दुसरी गोष्ट गुपिताची. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा आतला कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. ग्राहकाचं ड्रॉइंग हे आपल्याकडे ठेवायला दिलेलं परक्याचं धन आहे. ते फुकटच्या कुठल्याही ॲपमध्ये टाकायचं नाही, हे आमच्याकडे गेटवरच्या सुरक्षेच्या नियमांइतकं कडक आहे.

७. पोर्टलच्या मागे एक फोन नंबर असलाच पाहिजे

लहान पुरवठादाराचं नशीब आता पोर्टलवर ठरतं. गाडी गेटवर उभी, बारकोड वाचला जात नाही, माल आत नाही. दिवस उलटला की डिलिव्हरी उशिरा लागल्याची नोंद सिस्टिम आपोआप करते, त्याने रेटिंग उतरतं, आणि रेटिंग उतरलं की पुढच्या चौकशा येणंच बंद होतं. या साखळीत कोणी कोणावर राग धरलेला नसतो, पण एका वर्कशॉपमधल्या माणसांचा रोजगार गेलेला असतो. पैशांचंही तसंच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं झालं पाहिजे, नाहीतर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही, ही तरतूद आता आहे. पण ते ४५ दिवस कधी सुरू होतात, हे माल स्वीकारल्याच्या तारखेवर ठरतं, आणि ती तारीख पोर्टलमध्ये असते.

सिस्टिमच्या चुकीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मग येतोच. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा कंपनीने चॅटबॉट ही जणू स्वतंत्र व्यक्ती आहे असा युक्तिवाद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. मला तो निकाल फार पटतो. आमच्या पोर्टलवर प्रत्येक पुरवठादाराला एका जिवंत माणसाचं नाव आणि फोन दिसतो, आणि त्या माणसाला सिस्टिमची नोंद कारण लिहून बदलण्याचा अधिकार आहे. अधिकार नसलेला नंबर दिला तर लोकांना फक्त सहानुभूती मिळते.

८. रात्रीच्या संदेशावर सकाळी निर्णय

लाइन बंद पडली किंवा कोणाला इजा झाली, तर रात्री दोनलाही फोन करायचा. फोनच करायचा, संदेश नाही. बाकी सगळं सकाळी. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं आहे. कायदा होईल तेव्हा होईल, कारखान्याने वाट पाहायची गरज नाही. जेवताना, मुलाचा अभ्यास घेताना एका हाताने दिलेली मंजुरी मी मंजुरी धरत नाही.

९. विरोधाचा रकाना

ईआरपीमध्ये आम्ही एक छोटा फॉर्म करून घेतला आहे. ठरावीक रकमेच्या वरचा खर्च, पुरवठादार बदलणं, प्रोसेस बदलणं, यांपैकी काहीही असेल तर तो भरावा लागतो. निर्णय काय, कोणाचा, कशाच्या आधारावर, आणि पुन्हा कधी तपासायचा. निर्णय कोणाचा या रकान्यात टीम, कमिटी, सिस्टिम असं लिहिलेलं ईआरपी स्वीकारत नाही, एकाच व्यक्तीचं नाव लागतं. शेवटचा रकाना विरोधाचा. कोणाचं वेगळं मत होतं आणि का. सुरुवातीला तिथे सगळे "कोणाचाही विरोध नाही" असं लिहायचे, कारण साहेबांच्या विरुद्ध लेखी जाणं आपल्याकडे कोणाला आवडत नाही. मग आम्ही ठरवलं की हा रकाना खालच्या माणसापासून वर भरत यायचा. आधी ऑपरेटर किंवा सेटर, मग सुपरवायझर, मग इंजिनिअर, शेवटी मॅनेजर. लिहायला जमत नसेल त्याने बोलून नोंद करायची. मागच्या महिन्यात एक नवीन मशीन घेण्याचा प्रस्ताव याच रकान्यामुळे थांबला. सेटरने नोंदवलं की शेडच्या त्या कोपऱ्यातली जमीन क्रेन गेली की थरथरते, तिथे मायक्रॉनचं काम निघणार नाही. फाउंडेशनवाला येऊन माप घेऊन गेला आहे, रिपोर्ट यायचा आहे.